चार रविवारांची अट

माझी वहिनी बोलण्यात भलती काटकसरी आहे. कचेरीत एकतीस वर्षं टायपिस्ट होती. साहेब जे सांगतील ते मुकाट्याने टाइप करायची आणि जाता जाता त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुकाही मुकाट्यानेच सुधारायची. निरोपसमारंभात तिला दोन शब्द बोला म्हणाले, तर ती उठून ‘आभारी आहे’ म्हणाली आणि बसली. दोन म्हणजे दोनच.

निवृत्त झाल्यावर तिच्याकडे चर्चचं साप्ताहिक पत्रक आलं, त्याला आता बारा वर्षं झाली. दर शनिवारी दुपारी चार वाजता ती चर्चच्या मागच्या खोलीत जाते. तिथे एक जुना कॉम्प्युटर आहे, गायनमंडळाचे झगे टांगलेलं कपाट आहे आणि चहाची विजेची किटली आहे. ती मागच्या आठवड्याचं पत्रक उघडते, त्यातलं जे बदललं असेल ते बदलते आणि प्रती काढते. पुढच्या बाजूला गीतांचे क्रमांक आणि वाचनाचे उतारे. मागच्या बाजूला वाढदिवस आणि त्याखाली दोन याद्या. पहिली आजाऱ्यांची, दुसरी शोकात असलेल्या कुटुंबांची.

उपासनेत पाळकसाहेब या दोन्ही याद्या मोठ्याने वाचतात. एकेक नाव घेतलं की सगळी मंडळी म्हणते, ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’ आमचे पाळकसाहेब भला माणूस, पण कागदावर असेल ते वाचणार. एकदा पत्रकाच्या तळाशी ‘कृपया मागे पाहा’ असं छापलं होतं, तर त्यांनी तेही प्रार्थनेच्या सुरात वाचलं आणि अर्धी मंडळी मान वळवून दाराकडे बघायला लागली.

दुसऱ्या यादीला एक अट आहे. पूर्वी ती नव्हती. कोणाचा माणूस गेला की त्याचं नाव यादीत चढायचं आणि काढायला कोणी धजायचं नाही. दोन दोन वर्षांपूर्वी गेलेली माणसं तिथेच ठाण मांडून बसलेली असत. वाढदिवसांना जागा उरेना. मग वहिनीने कोणालाही न विचारता ठरवून टाकलं, चार रविवार. पाचव्या रविवारी नाव गेलं. कुरकूर झाली. सुताराची बायको तर नवऱ्याच्या पाचव्या आठवड्यात पत्रक हातात घेऊन मागच्या खोलीत आली आणि म्हणाली, “माझ्या माणसाला पुसून टाकलंस?” वहिनी म्हणाली, “ताई, जागा नाही.” मी तिथेच कप विसळत होते. मला ते बोलणं आवडलं नव्हतं, पण मी ब्र काढला नाही. पुढे सगळ्यांना त्याची सवय झाली.

माझा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, कुलपं दुरुस्त करायचा. चर्चच्या प्रत्येक दाराची किल्ली त्यानेच घासलेली. उपदेश लांबला की तो खिशातल्या किल्ल्या हळूच वाजवायचा आणि वहिनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारायची. दोन वर्षं तो आजारी होता. दोन वर्षं आजाऱ्यांच्या यादीत त्याचा पहिला नंबर होता. “बघ, मी पहिला आलो,” असं तो मला म्हणायचा. शाळेत तो कधीच पहिला आला नव्हता.

तो मंगळवारी सकाळी घरीच, अंथरुणावर गेला. मी दवाखान्यात परिचारिका होते, लग्न केलं नाही, त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहते. मीच त्याची नाडी पाहिली. घड्याळात बघून वेळ लिहून ठेवली, सहा वाजून चाळीस मिनिटं. मग हात धुतले. गुरुवारी पाळकसाहेबांनी त्याला माती दिली. सगळी मंडळी होती.

रविवारी आम्ही दोघी आमच्या नेहमीच्या बाकावर बसलो. कडेची जागा दादाची, पाय लांब करता यावा म्हणून. ती सोडूनच बसलो, ठरवून नव्हे. गीतं झाली, वाचन झालं. प्रार्थना सुरू झाली आणि पाळकसाहेबांनी आजाऱ्यांच्या यादीतलं पहिलं नाव घेतलं. ‘बंधू’ म्हणून दादाचं नाव घेतलं.

ते अडखळले. तीन दिवसांपूर्वी त्याच माणसाच्या शवपेटीवर माती टाकली होती त्यांनी. पण कागदावर होतं, म्हणून पुढचंही वाचून मोकळे झाले. “त्याला अंथरुणातून उठण्याचं बळ दे.” मंडळी सवयीने म्हणाली, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” मीही म्हणाले. मनात आलं, आता दादा खरंच उठून आला तर फार वैतागेल. उभं राहिलं की त्याचे पाय दुखायचे.

सगळ्यांना वाटलं, चूक झाली. बिचारीने जुनंच पत्रक उघडलं आणि नाव बदलायचं राहून गेलं. होतं असं. चहाच्या वेळी तिला कोणी काही म्हणालं नाही, सगळे बिस्किटं बुडवत हवापाण्याच्या गोष्टी करत राहिले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच नाव. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच, आणि त्या दिवशी कोणी पाहुणा नकळत दादाच्या जागेवर येऊन बसला. त्याने आमच्याच बाकावर बसून खणखणीत आवाजात दादाच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. मला त्याचा इतका राग आला की शेवटच्या गीताला मी उभीच राहिले नाही.

पण राग म्हणजे रडू नव्हे. खरी अडचण तीच होती. मला रडू येत नव्हतं. जेवत होते, झोपत होते, भाजी आणत होते, पण सगळं दुसऱ्याच कोणाच्या हातून चाललंय असं वाटायचं. दर रविवारी दीडशे माणसं देवाला सांगत होती की माझ्या भावाला बरं कर. मग तो गेलाय हे मी कोणाला सांगू? मला एवढंच हवं होतं की त्याचं नाव खालच्या यादीत यावं, चार माणसांत कोणीतरी मोठ्याने म्हणावं की हा माणूस गेला. पाळकसाहेब बाहेर गाठून मला म्हणाले, “तुम्हीच सांगा ना त्यांना. आम्ही कसं सांगणार?” गीतांना पेटी वाजवणारे मास्तरही मान डोलावून बाजूला झाले. सगळ्यांनी माझ्यावर ढकललं.

शनिवारी मी चार वाजता मागच्या खोलीत गेले. वहिनी खुर्चीत बसली होती. पत्रक उघडलेलं होतं. मी किटली लावली.

“वहिनी, दादाचं नाव अजून वरच आहे.”

“दिसतंय मला.”

“राहून गेलं असेल.”

“माझं कधी काही राहत नाही, वन्सं.” रागावली की ती मला वन्सं म्हणते. एरवी नावाने हाक मारते.

“म्हणजे मुद्दाम ठेवलंस?”

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “यांना शेवटची आंघोळ मी घातली. तू पाणी ओतत होतीस. मला ठाऊक नाही असं वाटतं तुला? मला वेड लागलेलं नाही.”

“मग खाली घे ना.”

“खाली घेतलं की चार रविवार. पाचव्या रविवारी संपलं. मग या चर्चमध्ये यांचं नाव कोणी घेणार नाही. कधीच नाही.”

“अट तुझीच आहे. मोड. कोण विचारतंय?”

“सुताराची बायको विचारेल,” वहिनी म्हणाली. “तिला मी काय सांगितलं होतं? जागा नाही म्हणाले. तिच्या नवऱ्याला नव्हती आणि माझ्या नवऱ्याला कुठून आली? वरच्या यादीत ठेवलं तर अट मोडत नाही. वर अटच नाही.”

आजवर तिला एका दमात इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. जुनी सवय म्हणून मी विचारलं, “झोप लागते?”

“लागते.”

“जेवण?”

“जातं की. तूच वाढतेस.”

“रडलीस?”

“नाही. तू?”

“नाही.”

“काही दुखतंय का कुठे?” मीच पुढे विचारलं.

तिने जरा विचार केला. “नाही,” ती म्हणाली. “काहीच नाही. काल इस्त्रीचा चटका बसला, तोही उशिरा कळला.” तिने मनगट पुढे केलं. चांगला रुपयाएवढा फोड होता.

दवाखान्यात जो ओरडायचा त्याची मला कधी फार काळजी वाटली नाही. काहीच दुखत नाही म्हणणाऱ्याच्या खाटेपाशी मी पुन्हा पुन्हा जायचे. ते तेव्हा आठवलं आणि मी म्हणाले, “सरक.”

ती सरकली. मी खुर्चीत बसले. मला टायपिंग येत नाही, एका बोटाने अक्षरं शोधावी लागतात. दादाचं नाव निवडलं आणि कापलं. एक नंबरसमोरची ओळ रिकामी झाली.

“आता लगेच खाली चिकटव,” वहिनी मागून म्हणाली, “मध्येच दुसरं काही केलंस तर जाईल.” मी खालच्या यादीत चिकटवलं. ते तिथे नीट बसलं.

मग मी पुन्हा वरच्या यादीत आले आणि त्या रिकाम्या ओळीत भगिनी असं लिहून वहिनीचं नाव टाइप केलं. वेलांटी चुकली. ती माझ्या खांद्यावरून वाकली, वेलांटी दुरुस्त केली आणि वाकलेलीच राहिली.

“मला काय झालंय?” तिने विचारलं.

“मी परिचारिका आहे. मला कळतं.”

किटली उकळून आपोआप बंद झाली. वहिनीने माझ्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला, एक नवी ओळ केली आणि बाकीचे आजारी एकेक नंबर खाली सरकवले. दोन नंबरवर तिने माझं नाव लिहिलं. एकही अक्षर न शोधता.

“माझं कशाला? मला काय धाड भरलीय?”

“तू घड्याळात बघून वेळ लिहिलीस, हात धुतलेस आणि आत जाऊन सगळ्यांना चहा केलास,” ती म्हणाली. “तेव्हापासून नुसते कप धुते आहेस.”

प्रती निघाल्या. आम्ही दोघींनी मिळून त्या दुमडल्या.

रविवारी पाळकसाहेबांनी वहिनीचं नाव वाचलं, मग माझं. माना वळल्या. सुताराची बायको पुढच्या बाकावर होती. तिने मागे वळून आम्हाला नीट पाहून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी म्हणाली, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” मग खालच्या यादीत दादाचं नाव आलं. त्याला आता कोणी उठायला सांगितलं नाही. वहिनीचा हात बाकावर दादाच्या जागी होता. मी वाकून त्यावर माझा ठेवला. त्या फोडाला धक्का लागला आणि ती “आई गं” म्हणाली.

असे चार रविवार झाले. पाचव्या रविवारी त्याचं नाव नव्हतं. वहिनीने आदल्या दिवशी स्वतः काढलं होतं, आणि मला दाखवून काढलं होतं. त्या रात्री मी वरच्या मजल्यावर बऱ्यापैकी रडले. खालून तिचाही आवाज येत होता, पण जिना चढून-उतरून कोणी कोणाकडे गेलं नाही.

आमची नावं अजून पहिली आणि दुसरी आहेत. दर शनिवारी पत्रक उघडलं की ती मला विचारते, “तुझं काढू का?”

“तुझं काढतेस?”

“नाही.”

“मग राहू दे.”