उतारावरची गाडी

चारचौघांच्या देखत झाल्याशिवाय एखादी गोष्ट झाली, असं नाना मानत नसत. दातसुद्धा ते ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून घासत. टेमघरला आमच्या समोरच त्यांचं घर. शेतं गोदामवाल्यांना भाड्याने गेल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं, आणि रिकामा हात त्यांना शोभेना. म्हणून त्यांनी एक जुनी, अवाढव्य, ऑटोमॅटिक गाडी घेतली.

घरामागे चार गाड्या मावतील एवढं सपाट अंगण होतं. गाडी मात्र पुढच्या सिमेंटच्या उतारावर, रस्त्याकडे नाक करून उभी असे. रविवारी सकाळी धुवट सदरा घालून, खांद्यावर नवा पंचा टाकून नाना बॉनेट उघडत. गिअर ऑइल मोजायची लांब पट्टी बाहेर काढत, पुसत, पुन्हा बुडवत आणि उन्हात धरून एक डोळा मिटत. मग कोणी विचारलेलं नसताना जाहीर करत, "फुल्ल हाय."

इंजिन बंदच असे. चालू इंजिनाच्या आवाजात घोषणा कुणाला ऐकू जाणार? गाडीसोबत आलेलं पुस्तक एकदा बघा, असं मी सुचवलं तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पुस्तकं तुमी वाचा. पट्टी मला वाचता येते."

पुढे उतारावर लाल डाग दिसू लागले. शिफ्ट सुटल्यावर कापडाच्या लूमचे कामगार पान खाऊन थुंकतात, असा निकाल नानांनी दिला आणि 'येथे थुंकू नये' अशी पाटी रंगवून भिंतीवर टांगली. नानांची बायको, आमच्या काकी, भांडी घासता घासता म्हणाल्या, "रोज गाडीखाली वाकून कोन थुकतंय हो?" नानांनी पाटीची अक्षरं तेवढी मोठी करवली.

नानांच्या धाकट्या भावाने, बाळूशेठने, आपल्या मुलाच्या लग्नात नवरदेवासाठी भाड्याची गाडी ठरवली होती. नानांनी ती रद्द करायला लावली. "घरची गाडी असताना भाड्याची? लोक मला इचारतील."

"नाना, मुहूर्त चुकला तर मीपन इचारीन," बाळूशेठ म्हणाला.

खारबावच्या अलीकडे एका चढावर इंजिन नुसतं गुरगुरू लागलं आणि झेंडूच्या माळांसकट गाडी मागे सरकू लागली. मागून कापडाचे तागे भरलेला टेम्पो येत होता. नवरदेव मुंडावळ्या सावरत त्यात चढला. अक्षता त्याने कशाबशा गाठल्या. नाना मात्र गाडीपाशीच थांबले. इंजिन बंद करून, बॉनेट उघडून, प्रत्येक वऱ्हाडी गाडीला पट्टी दाखवत होते, "बघा, फुल्ल हाय." त्या दिवसापासून बाळूशेठ त्यांच्याशी बोलेनासा झाला.

नारपोलीच्या मेकॅनिकने गाडीखाली डोकं घातलं आणि हसतच बाहेर आला. "नानासेठ, ये पान नहीं है, आपका गिअर ऑइल है. गाडी सपाट जागेवर लावा, गरम करा, सगळे गिअर फिरवा आणि चालू इंजिनातच पट्टी बघा. बंद इंजिनात कमी तेलपन भरलेलं दिसतं."

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सपाट जागा मागं हाय. मागं कोन बघनार?"

दुरुस्त झालेली गाडी पुन्हा उतारावर आली. पाटी काकींनी उतरवली. रविवार चालू राहिले.

यंदा उन्हाळ्यात नाना गेले. इतकी माणसं जमली की पुढे खुर्च्यांना जागा हवी होती. किल्ली बाळूशेठने मागून घेतली आणि गाडी मागच्या अंगणात नेली. मी भिंतीपाशी उभा होतो. गाडी लावून झाल्यावर त्याने इंजिन बंद केलं नाही. जरा वेळ तसंच चालू ठेवलं, एकेक गिअर टाकून पाहिला, मग बॉनेट उघडून पट्टी काढली. पट्टीचं टोक तेवढं ओलं होतं. भरल्याच्या खुणेपर्यंत तेल पोचलं नव्हतं.

पुढे आल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "गाडी ठीक हाय ना रे नानाची?"

बाळूशेठने हात खांद्यावरच्या पंच्याला पुसले. "फुल्ल हाय," म्हणाला.