काळ्या खडकाच्या वर

आमच्या किर्गीझ डोंगरात जुनी मोटरसायकल घाटातल्या काळ्या खडकाशी आली की माणसं न सांगता उतरतात आणि चालू लागतात. वर हवा विरळ, तिथे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर गुदमरतो. माझ्या शेजाऱ्याने, सागिनबेकने, आपल्या मोटरसायकलचा तो काढूनच टाकला आणि भंगारातले इंजेक्टर, सेन्सर जोडून हवा जोखत पेट्रोल सोडणारी यंत्रणा घरीच बनवली.

"हे खेळणं घाटात रडणार!" मी मागच्या सीटवरून म्हणालो.

खडक आला. साइडकारमधली त्याची म्हातारी आई सवयीने उतरायला लागली.

"बस गं आई."

इंजिन एका सुरात चढत राहिलं.

माथ्यावर म्हातारी हिमशिखरांकडे बघतच राहिली. "जन्मभर हा घाट चढले रे," ती म्हणाली, "पण मान वर करून आजच."