पाण्यात बुडालेली मरळ

मी एकदा मासा पाण्यात बुडवून मारला. पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत. एवढा मूर्खपणा करायला नुसतं अज्ञान पुरत नाही, वर शहाणपणाची फोडणी लागते. ती माझ्याकडे भरपूर होती. हल्ली शहरातली पोरं रंगीत जाकिटं घालून नदीवर येतात, मासा धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. मी त्यांना हसते. पण त्यांचा मासा निदान जगतो तरी.

माझं माहेर देवळीचं, दुकानदाराचं; घरात मासळीचा वासही चालत नसे. सासर नदीकाठचं. दिवाळीनंतर पाणी निवळून तळाचे गोटे दिसू लागले, की आमचे हे पत्र्याचा डोंगा वल्हवत डोहाकडे निघत. मला त्या डोंग्यात बसायचंच होतं. सासूबाईंचं म्हणणं, "बाई डोंग्यात बसली का गळाले काई लागत नाई." मी महिनाभर तोंड फुगवून बसले. त्या एका कलेत मात्र मी तरबेज होते.

शेवटी सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "ने मंग. पन मरळ जिती आली पायजे. मेलेली आनली तं हिनं पुन्हा डोंग्याचं नाव काढायचं नाई." नणंद बाळंतपणाला आली होती, तिला नुकताच मुलगा झाला होता, आणि बाळंतिणीला आमच्याकडे मरळीचा रस्सा देतात, तोही जिवंत आणलेल्या मरळीचाच.

झालं! महाराणी डोंग्यात विराजमान झाल्या. पहिल्याच वळणावर किंचाळल्या. पुढे हट्टाने वल्हं मागून घेतलं आणि डोंगा जागच्या जागी गरगर फिरवला. हे म्हणाले, "जातं फिरवून राह्यली काय वो?"

डोहाच्या कडेला ह्यांच्या गळाला हातभर मरळ लागली. माहेरच्या दुकानातला तेलाचा रिकामा पिपा मी मोठ्या ऐटीत सोबत आणला होता. "अर्धाच भरजो," हे म्हणाले, "अन् वरतून फडकं बांधजो."

अर्धा? पाण्यातला जीव, आणि त्याला पाणी मोजून? माझ्या थोर मनाला ही कंजुषी सोसवेना. ह्यांची पाठ फिरताच मी पिपा काठोकाठ भरला, झाकण गच्च दाबलं आणि मरळ उडी मारेल म्हणून वर स्वतः ठाण मांडून बसले. आतून धडाधड आवाज येऊ लागला. मला वाटलं, एवढं पाणी पाहून नाचतेय बिचारी. काही वेळाने आवाज थांबला. मला वाटलं, झोपली.

मरळीला वर येऊन हवा घ्यावी लागते, हे मला घरी पिपा उघडल्यावर कळलं. ह्यांनी कपाळावर हात मारून घेत सांगितलं. मासा आधीपासूनच आजारी होता, असं मी म्हणून पाहिलं. मग रडून पाहिलं. नणंद खाटेवर पोट धरून हसत होती, आणि तिच्या कुशीतलं बाळ त्या हसण्याने जागं होऊन रडत होतं.

सासूबाईंनी मरळ शेपटीला धरून उचलली. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोंगा आता जन्मात दिसणार नाही, हे मी ओळखलं आणि मान खाली घातली.

"उद्यापासून लेकराच्या आंघोळीच्या टायमाले तू डोंग्यातच जाऊन बसत जाय माय! मासोयीले पान्यात बुडवून मारनारीच्या भरवशावर मी माह्या नातवाले सोडू काय?"