पथ्य सांगायचं राहिलं

ये, जरा जवळ सरक. तू पुण्यात, मी सोलापुरात, म्हणून सध्या कागदावरूनच सरक. अक्षता, तुझी अज्जी जाऊन वर्ष होत आलं, आणि तू आत्ता फोन करून विचारतेस, "ती गॅरेजात नेमकं काय करायची?" इतके दिवस काय करत होतीस गं? मोटारींच्या कारखान्यात नोकरी करतेस, दिवसभर इंजिनं बघतेस, आणि आपल्या सख्ख्या अज्जीचं काम तुला एका जुन्या फोटोतल्या पितळी डब्यावरून कळावं? असो, रागावत नाही. सगळं लिहिते. पण आधीच सांगून ठेवते, मला तिचा फार हेवा वाटायचा. तेवढं गाळून लिहायला मला जमणार नाही.

तुझ्या अज्जीला आम्ही महादेवी अक्का म्हणायचो. अक्कलकोट रोडला आमच्या मिस्त्रींचं इंजिनकामाचं गॅरेज, आणि भिंतीला भिंत लावून तिच्या नवऱ्याचं रेडिएटरला डाग द्यायचं दुकान. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई कुलूप लावून माहेरी जाणार. दिवसपाणी उरकलं आणि सोमवारी सकाळी ही आली. शटर वर केलं आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. गॅरेजात सगळे काम झाल्यावर हात धुतात, ही आधी धुवायची. आमचे मिस्त्री हसले. तर म्हणाली, "गाडी बी पाहुणी हाय की. पाहुण्याला खरकट्या हातानं कोण शिवतंय?"

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री हात धुऊन कामाला बसायला लागले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना जेवायच्या आधी हात धुवा म्हणून सांगत होते, ते कधी ऐकलं नाही. इथनं सुरुवात झाली बघ.

मीही काही अगदीच अडाणी नव्हते. शाळा चौथीपर्यंत, पण बघून बघून शिकले. गाडी दारात येईपर्यंत आवाजावरून सांगायची, हिचा टॅपेट वाजतोय. शिवाय आमच्या गॅरेजची एक रीत होती. दुरुस्त गाडीची किल्ली मालकाच्या हातात मीच द्यायची, आणि किल्ली देणारीनं पथ्य सांगायचं. वैद्य सांगतो तसं. पाणी कधी बघायचं, तेल कधी बदलायचं, किती दिवस पळवायची नाही. काम कुणीही केलेलं असो, पथ्य माझ्याच तोंडून जायचं. अक्काही तिच्या गिऱ्हाइकांना माझ्याकडे पाठवायची. "पथ्य तंगी सांगंल," म्हणायची. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. ती मला तंगीच म्हणायची.

एकदा टेंभुर्णीचा बाळू त्याची वडापची जीप घेऊन आला. टर्बोवाली डिझेल गाडी, प्रवासी भरून रोज पळवायचा. म्हणाला, "चढाला वढत न्हाय, धूर लई, आन् तेल कुटं जातंय कळंना." मिस्त्रींनी हवेची नळी सोडली तर आतून तेलानं ओली. "टर्बो गेला," ते म्हणाले. मीही मान हलवून "गेलाच," म्हणाले. अक्का आली, हात धुतले, टर्बोचा पंखा दोन बोटांनी हलवून बघितला आणि नळीतलं तेल हुंगलं. "टर्बो ठणठणीत हाय. हे तेल पोटातनं आलंय."

आता हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो. एवढी हवा कोंबली की पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस खाली तेलाच्या पोटात निसटतोच. तो बाहेर पडायला एक नळी असते, आणि ती परत हवेच्याच वाटेला जोडलेली असते, म्हणजे तो पुन्हा आत जाऊन जळावा. पण जाताना तो तेलाचा तुषार पाठीवर घेऊन जातो. ते तेल पुढं काजळीला भेटतं आणि डांबरासारखं चिकटून बसतं. इंजिनाची श्वासाची वाट बारीक होत जाते.

हे सगळं मला तेव्हा कुठं माहीत होतं? अक्कानं माझा हात धरला आणि मागं माझ्याच स्वैपाकघरात नेलं. "तंगी, भजी तळलीस तर तेल कढईतच ऱ्हातंय का?" खिडकीच्या जाळीवरून बोट फिरवून ते चिकट बोट मला दाखवलं. "नोडु, बघ. वाफेवर बसून हितवर आलंय. वाफेला अडवायचं न्हाय, तंगी. अडवली की ती भांडं फोडती. वाटंत जरा थांबवायची, तिच्या पाठीवरचं तेल उतरून घ्यायचं, आन् जा म्हणायचं." मग मोरीतली माझी तारेची नवी घासणी उचलली. "ही दे."

जुन्या रेडिएटरच्या पितळी पत्र्याचा तिनं तांब्याएवढा डबा केला. एक नळी आत येणारी, एक बाहेर जाणारी, बुडाला रितं करायला कॉक. मधे माझी घासणी, आणि तिची तार सुटून टर्बोत जाऊ नये म्हणून खाली-वर बारीक जाळी. गॅस आत येतो, घासणीच्या वेटोळ्यांतून वाट काढताना तेल तारेला लागतं, थेंब होऊन बुडाला पडतं, आणि हलका झालेला गॅस पुढं जातो. आधी तिनं आतल्या सगळ्या नळ्या साफ करायला लावल्या, मग डबा बसवला. आठवड्यानं बाळू आला तेव्हा कॉक सोडला, तर अर्धा कप काळं तेल. "एवढं दर आठवड्याला टर्बोच्या नरड्यात जात हुतं," अक्का म्हणाली. जीप चढाला पळायला लागली, आणि मिस्त्री दुसऱ्या गाड्यांनाही तिचे डबे बसवायला लागले.

मिस्त्री येईल त्याला सांगायचे, "डोकं अक्काचं." खिडकी माझी, भजी माझी, घासणी माझी आणि डोकं अक्काचं. दिवसातून दहा वेळा भिंतीवरून हाक, "अक्का, जरा बघा हो." मला ते उभ्या जन्मात एकच विचारायचे, माझा चष्मा कुठाय. पीठ कितीही चाळलं तरी एखादा खडा राहतो आणि भाकरी खाताना नेमका आपल्याच दाताखाली येतो, तसा तिच्या नावाचा खडा माझ्या दाताखाली यायचा.

तिला मात्र त्या डब्याची खरी गरज होती. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकचे, त्यांना डाग बसत नाही. "पितळ संपलं, तंगी," एकदा चहा पिताना म्हणाली. "आता ह्या डब्यावरच माझं शटर वर ऱ्हाईल." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. विसरू नकोस, कारण मीही विसरले नव्हते.

तोवर बाळू आठवड्याला यायचा आणि डबा अक्काच रिता करायची. मग थंडीत त्याला करकंबच्या बाजूची फेरी मिळाली, येणं बंद होणार. अक्का मला म्हणाली, "त्याला पथ्य सांग. दर आठवड्याला कॉक सोडायचा. थंडीत डबा पाणी बी धरतोय." बाळू किल्ली घ्यायला आला. हसत म्हणाला, "अक्काच्या हाताला लई गुण हाय, वहिनी. मिस्त्रींनी तर टर्बो बदलला असता. तुमी बी व्हय म्हणाला हुता की."

मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "सावकाश जा." तेवढंच.

दीड महिन्यानं जीप दोरीनं ओढत आली. बाजाराची माणसं भरलेली असताना बंद पडली, उन्हात बायामाणसं रस्त्याच्या कडेला बसली होती. तेल मोजायची पट्टी उडून बाहेर आलेली, मागच्या सीलमधून तेल गळून खालचा भाग काळाभोर. मिस्त्रींनी डबा उघडला. दुधाच्या कॉफीसारखा घट्ट गाळ काठोकाठ, घासणी त्यात बुजलेली. श्वास कोंडला, तसा पोटातल्या दाबानं सील ढकललं.

"तुमच्या डब्यानंच घात केला की," बाळू अक्काला म्हणाला.

मिस्त्रींनी विचारलं, "अक्का, डबा रिता करायचं पथ्य सांगितलं नव्हतं का?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी पदराला हात पुसत होते, हात कोरडेच होते. ती म्हणाली, "सांगायचं ऱ्हायलं. माझ्याकडनंच."

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवसापासून डबे बसवणं बंद केलं. भिंतीवरून हाक थांबली. मला हेच तर हवं होतं ना? पण जेवण जाईना. पलीकडे शटर दुपारीच खाली यायला लागलं, तो आवाज ऐकत मी बसायची.

पंधराएक दिवसांनी अक्का आली, हातात नवा डबा. सरळ माझ्याकडे आली, मिस्त्रींकडे नाही. डब्याच्या बाजूला पारदर्शक नळी उभी बसवली होती, आत किती भरलंय ते बाहेरून दिसेल अशी, आणि वर लाल रंगाची रेघ. "आता कुणी सांगाय नको. रेघंला आलं की गिऱ्हाईकच बघंल. हे तुझ्यामुळं सुचलं, तंगी."

मी म्हणाले, "अक्का, मी विसरले नव्हते."

"गोत्तु," ती म्हणाली. माहीत आहे. "इसरलेल्या माणसाचं तोंड तसं नसतंय." आणि हात धुवायला गेली. मला तर त्या क्षणीही हेवा वाटला बघ. ही बाई रागावतही नाही, हे हिला कसं जमतं?

बाळूची जीप तयार झाली तेव्हा मिस्त्रींच्या देखत मी त्याला सांगितलं, "दादा, मागं पथ्य मी मुद्दाम सांगितलं नाही. डब्याचा दोष नाही, अक्काचाही नाही." "मग तेल तरी फुकट भरा की, वहिनी," बाळू म्हणाला. मिस्त्री चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग सकाळी भिंतीवरून हाक ऐकू आली, "अक्का, एक डबा लागतोय." त्यानंतर कितीतरी वर्षं ते शटर उघडं राहिलं, अक्काला गुडघे उठू देईनात तोवर. मग तुझ्या आईनं तिला गुलबर्ग्याला नेलं. शेवटचं पाणी तुझ्या आईच्या हातून प्यायली म्हणे. तोही हेवा आहेच.

रेघ ओढलेला तो पहिला डबा माझ्याकडे खिळ्याला टांगलेला आहे. तुझ्या आईनं दोनदा मागितला, मी दिला नाही. तुला देईन, पण पोस्टानं पाठवणार नाही. पुढच्या सुट्टीत गाडी घेऊन ये. आधी हात धू, मग डबा घे. निघताना गाडीची किल्ली माझ्या हातून घ्यायची, आणि पथ्य पुरतं ऐकल्याशिवाय दारातून हलायचं नाही. लवकर ये गं.