न तुटणारा आकडा

घाटनांदूरला स्टेशनच्या वाटेवर पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारे एक चाचा आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आमची मोटार घेऊन मी त्यांच्याकडे गेले. लाइट गेली होती, म्हणून चाचा मोबाइलवर फळं जुळवायचा खेळ खेळत बसले होते. मी शाळेत गणित शिकवते हे त्यांना ठाऊक.

"मॅडम, बरं झालं आलात. ह्यो आकडा काहून पुढं जात न्हाई?"

स्क्रीनवर गुणांच्या जागी होतं २१४७४८३६४७. मी म्हटलं, "खेळाला आकडा ठेवायला तेवढीच जागा आहे, चाचा. एकतीस दोन एकमेकांना गुणायचे, एक वजा करायचा, की हा येतो. आणि ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडली तर कशानंच भाग जात नाही."

"दोनशे चौदा कोटींच्या वर हाय की! कशानंच न्हाई? तुमी भागून बघितलं?"

बघितलं नव्हतं. इतकी वर्षं फळ्यापुढं उभी राहून पुस्तकातलंच सांगत आले होते.

त्याच संध्याकाळी वही काढली. त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे शेहेचाळीस हजारांच्या थोडं पुढपर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे, पण त्याही साडेचार हजारांवर. मात्र या आकड्याची घडणच अशी, की त्याला भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिला दोनशे अठ्ठेचाळीसनं भागून बाकी एक किंवा त्रेसष्टच उरायला हवी. अशा निघाल्या फक्त चौऱ्याऐंशी. हजारोंची रांग एका अटीनं अशी विरून गेलेली बघून मी पेन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी हे सांगितल्यावर त्यातल्या अर्ध्या संख्या चाचांनी मागून घेतल्या. "तारेचे वेढे मोजनारा मानूस हाय मी."

पहिली तीनशे अकरा. बाकी पस्तीस. रोज पाच-सहा भागाकार व्हायचे.

चौथ्या दिवशी सकाळीच चाचा दारात. हातात कागद, तोंड उतरलेलं. "तुटला, मॅडम. बाकी शून्य आली. लई वाईट वाटलं."

मी कागद हातात घेतला. पायरीवरच बसून भागाकार पुन्हा केला. मधल्या एका वजाबाकीत त्यांचा हातचा राहिला होता. बाकी उरत होती. चाचा भिंतीला टेकले आणि हसायलाच लागले.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी दुकानात शेवटचा भागाकार झाला. बाकी उरलीच. मग चाचांनी विचारलं, "आता ह्यो कदीच तुटनार न्हाई?"

"कधीच नाही."

"आपन नसलो तरी?"

"गाव नसलं, माणसं नसली तरी."

चाचांनी चौऱ्याऐंशी भागाकारांचे ते कागद हलक्या हातानं एकावर एक लावले. मी वर्गात मूळ संख्या शेकडो वेळा शिकवल्या असतील. अंगावर काटा त्या दिवशी आला.