ताईचा उलटा बाण

माझी थोरली बहीण बर्फ वाचते. थट्टा नाही, पगार मिळतो तिला त्याचा. दूरच्या हिमनदीत खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या कांड्या तिच्या प्रयोगशाळेत खोलीएवढ्या फ्रीझरमध्ये ठेवलेल्या असतात, आणि त्यातल्या बुडबुड्यांत जुनी हवा अडकलेली असते. खालचा बर्फ जुना, वरचा नवा. म्हणून प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू दाखवणारा बाण काढतात.

माझं केस कापायचं दुकान आहे. ताईचं भाषण असलं की मी आठवडाभर आधीपासून गिऱ्हाइकांच्या मागे लागतो. वस्तरा गळ्याशी असताना सहसा कोणी नाही म्हणत नाही. म्हणायचे ते फक्त टीसीकाका. त्यांची उभी नोकरी रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेलेली, त्यामुळे समोरचा माणूस फुकट्याच असणार ही पक्की समजूत. बर्फातून जुनी हवा कळते ही शुद्ध थापेबाजी, असं ते माझ्याच खुर्चीत बसून सांगत आणि मी दातओठ खात त्यांचे कल्ले सारखे करत असे.

एका भाषणाला मात्र तेही आले. वाचनालयाचा हॉल भरला होता. ताईने एका तुकड्याचा फोटो दाखवून सांगितलं, की यात खालून वर कार्बन डायऑक्साइड वाढत गेलाय. टाळ्या पडल्या, माझी कॉलर ताठ झाली.

काही दिवसांनी ताई दुकानात आली ती चेहरा पाडून. तो तुकडा शेजारच्या तुकड्याशी जुळेना. फिरवला तेव्हा तुटक्या कडा चपखल बसल्या. जाड हातमोजे घालून कुडकुडत असताना बाण तिनेच उलटा काढला होता. म्हणजे तिथे वायू वाढत नव्हता, घटत होता. एकूण निष्कर्ष काही बदलत नव्हता, पण तिला पुन्हा लोकांना बोलावून हे सांगायचं होतं. मी कपाळावर हात मारला. टीसीकाकांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं! गप्प बस, परत तुझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असं मी तिला बजावलं. तिलाही तीच भीती होती, दिसत होतं मला.

"आणि मी गप्प बसले, तर ठेवायला हवा का रे?" ती म्हणाली.

या खेपेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ताईने तोच फोटो उलटा करून लावला आणि चूक माझी, असं सरळ सांगितलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात टीसीकाका उठले. बाकीचे बाण बरोबर आहेत कशावरून, असं त्यांनी विचारलं. ताईने त्यांना येऊन तपासायला सांगितलं.

आणि हा गृहस्थ खरंच गेला. ताईच्या लॅबमधला अवजड कोट चढवून सकाळभर कडा जुळवत बसला. तिथून थेट दुकानात, नाक लालभडक. बाण सगळे बरोबर निघाले, हे काकांनी जरा नाराजीनेच सांगितलं. बाकावरचं एक गिऱ्हाईक अजून ताईच्या फजितीवर खिदळत होतं. काकांनी त्याच्याकडे आरशातूनच पाहिलं.

"आयुष्यभर लोकांची तिकिटं बघितली मी," ते म्हणाले. "पण आपण होऊन उठून 'माझं तिकीट चुकीचं आहे' म्हणणारं एकच माणूस भेटलं. तेही रिटायर झाल्यावर."