मानाची फळी

ती घटना आठवली की आजही मला आधी राग येतो, आणि तो आरोपीचा नाही, स्वतःचाच.

तेव्हा मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. शेजारच्या पेडण्यातल्या पार्सेचा माणूस, शिपाई म्हणून भरती होऊन पायरी पायरीने वर आलेला. हाताखाली एक नवी उपनिरीक्षक आली होती, दूर दक्षिणेकडल्या सासष्टीची, परीक्षा देऊन थेट अधिकारी झालेली. आल्याआल्या तिने एका चोरीचा छडा लावला आणि वरिष्ठांकडून प्रशस्तिपत्र मिळवलं. मला उभ्या नोकरीत एकही मिळालं नव्हतं. खरं सांगायचं तर ती समोर दिसली तरी माझं कपाळ उठायचं.

आमच्या हद्दीत ओहळावर एक छोटा बंधारा होता. खाणी थंडावल्यावर गावाने त्या पाण्यात पायडलच्या बोटी सोडल्या, त्यावर चार-पाच घरं चालायची. पावसाळा सरला की खाचांत लाकडी फळ्यांच्या दोन रांगा बसवायच्या आणि मधल्या जागेत तण घालून तांबडी माती ठोकायची. सगळ्यात वरची ती मानाची फळी. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालून, कुंकू लावून बंधारा सांभाळणाऱ्यानेच ती बसवायची. गावातलं दुसरं कोणी तिला हात लावत नाही. मग खात्याचा इंजिनियर तपासणी करायचा आणि सुरक्षिततेचा, स्थितीचा शेरा फलकावर रंगवला जायचा. शेरा चांगला असला तरच बोटी पाण्यात.

बावीस वर्षं हे काम दोन भावांतल्या थोरल्याकडे होतं. त्याची कंबर दुखू लागली तेव्हा ते धाकट्याकडे आलं. पहिल्याच वर्षी फलकावर 'उत्तम' लागलं आणि पंचायतीने धाकट्याला शाल-नारळ दिला.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी कोणीतरी वरच्या चार फळ्या काढल्या, माती उकरली आणि पाणी सोडून दिलं. खाली ओहळावर कपडे धुणारी एक म्हातारी लोंढ्याने दगडावर आपटली, तिचा पाय मोडला. इंजिनियर धावत आला. संध्याकाळी फलकावर 'असुरक्षित' लागलं, बोटी काठावर ओढल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "धाकट्यानंच काढल्यान फळ्यो. खाली त्येचां कुळागर आसा, माडांक पाणी होया होतां." ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद केली. मी लगेच जीप काढली आणि दुपारच्या आत धाकट्याला कोठडीत घातलं. एवढी घाई का? ती उपनिरीक्षक बंधाऱ्यावर पंचनाम्याला गेली होती आणि ती परतायच्या आत मला गुन्हा उघडकीस आणायचा होता. तो बिचारा हात जोडून "मी नाय, सायबा" एवढंच म्हणत होता. तो काल दुपारी कुठे होता, हेसुद्धा मी विचारलं नाही.

ती चिखलाने भरलेले बूट घेऊन आली. म्हणाली, "सर, तीन फळ्या चिखलात फेकल्यात. एक मात्र झाडाखालच्या राखणदाराच्या दगडाला नीट टेकवून ठेवलीय, कुंकवाची बाजू वर. असं का?"

तिला ती चाल ठाऊक नव्हती, म्हणून तिने विचारलं. मी असल्याच बंधाऱ्यांच्या मुलखात वाढलेला, मला सगळं ठाऊक, म्हणून मी बंधाऱ्यावर फिरकलोसुद्धा नाही. बाहेरच्याने चारही फळ्या भिरकावल्या असत्या. गावच्याने मानाच्या फळीला हात लावला नसता. राहिले दोघे. धाकटा त्या दुपारी डिचोलीत खात्याच्या कार्यालयात होता, तिथल्या हजेरीत सही होती. तीही तिनेच जाऊन पाहिली.

मी थोरल्याला बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला, आवाज चढवला नाही. तो खाली बघत बसला होता. मी एवढंच विचारलं, "शाल चांगली होती का हो?"

हा प्रश्न मलाच सुचला, कारण माझ्या घशात तोच काटा अडकला होता.

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "बावीस वर्सां मी फळ्यो घातलंय, सायबा. दर वर्सा उत्तमच शेरो. पण तो बंधाऱ्याचो, माझां नाव कोणी घेवक नाय. ह्येनी एक वर्स घातल्यान, तर शाल! म्हातारी खाली आसा ह्यां माका ठावक नव्हतां. आईशपथ."

"मग ती एक फळी का टेकवून ठेवलीत?"

"ती कशी फेकू? तिका बावीस वर्सां मीच कुंकू लायलंय ना."

फोनही आपणच केल्याचं त्याने कबूल केलं. धाकट्याला सोडलं, थोरल्याला आत घेतलं. तासाभराने धाकटा डबा घेऊन परत आला आणि गजांशी उभा राहून म्हणाला, "दादा, आदी जेव." मला तिथे उभं राहवेना.

त्या दिवशी मी तपासाची डायरी लिहायला बसलो. 'सदर फळी तपासात आढळून आली,' असं लिहिलं. 'धाकट्याच्या हजेरीची खातरजमा करण्यात आली.' कोणाला आढळली, कोणी केली, ते लिहिलं नाही. आमच्या सरकारी मराठीत ही सोय फार चांगली आहे. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. प्रशस्तिपत्रही आलं, एकच, माझ्या नावाचं.

या खात्याने मला शिकवलं की हेवा परक्याचा वाटत नाही, तो आपल्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा वाटतो. थोरल्याने निदान कबुली दिली. त्याच्यावर दोषारोपपत्र गेलं, त्याने शिक्षा भोगली. माझ्यावर कोणी कलम लावलं नाही.

हे लिहायच्या आधी मी तिला फोन केला. ती आता त्याच ठाण्यात माझ्या खुर्चीवर आहे. म्हटलं, "ती फळी तू पाहिलीस, हे लिहितो आहे. मी तेव्हा डायरीत..."

"ठाऊक आहे, सर," ती म्हणाली. "फाईल टाईप करायला तुम्ही माझ्याकडेच दिली होती."